छावणीपासून होनवडजपर्यंत

२८ ऑगस्ट २०२४ची संध्याकाळ. पॅरिसमध्ये पॅरालिम्पिक स्पर्धांचे उद्घाटन या वेळी स्टेडियममध्ये नव्हते. शाँझ एलिझेच्या रुंद रस्त्यावरून देशोदेशींचे खेळाडू खाली काँकॉर्दच्या चौकाकडे निघाले होते. कोणी चालत होते, कोणी कुबड्यांवर, कोणी चाकाच्या खुर्चीत. भारताचा तिरंगा दोघांच्या हाती होता. एक हरियाणाचा भालाफेकपटू सुमित अंतिल. दुसरी गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव, चाकाच्या खुर्चीत बसलेली. भाग्यश्री नांदेड जिल्ह्याच्या मुखेड तालुक्यातल्या होनवडज गावची.

मुधोळच्या माणसाला हे गाव परके वाटायचे कारण नाही. (घोरपडे संस्थानिकांचे मुधोळ कर्नाटकात, ते वेगळे. हे बासरच्या सरस्वतीजवळचे, गोदाकाठच्या पट्ट्यातले मुधोळ.) निजामाच्या राज्यात मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातच होता. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची फेररचना झाली. नांदेड मुंबई राज्यात गेले, आणि मुधोळ, भैंसा व कुबेर ही महसुली मंडळे जिल्ह्यातून काढून आदिलाबादला, म्हणजे आंध्र प्रदेशाला जोडली गेली. २०१६पासून हा भाग तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे. सरहद्द कागदावर सरकली, पण घरातली भाषा आणि सोयरीक आहे तिथेच राहिली. म्हणून त्या संध्याकाळी पॅरिसमध्ये झेंडा धरणारी ती बाई आमच्याही मुलखातली होती, असे मी म्हणतो.

इथल्या गावातून तिथवर वाट कशी तयार झाली, ते इथे सांगायचे आहे. ती एका रुग्णालयात सुरू होते आणि पहिली बरीच वर्षे सैनिकांच्या खाटांच्या कडेकडेने जाते.

दुसऱ्या महायुद्धापर्यंत पाठीचा मणका मोडलेला माणूस मेल्यातच जमा होता. मज्जारज्जूला इजा झाली की कंबरेखालचे बळ आणि संवेदना जातात, लघवीवरचा ताबा सुटतो. एका कुशीवर पडून राहिल्याने पाठीला जखमा होतात, त्या चिघळतात, मूत्रमार्गात जंतू शिरतात, आणि रोगी काही महिन्यांत, फार तर दोन-चार वर्षांत जातो. डॉक्टरही त्याला आरामात मरू द्यावे, एवढाच विचार करत.

लुडविग गुटमान यांना हे मान्य नव्हते. जर्मनीत वाढलेले हे ज्यू मेंदूतज्ज्ञ हिटलरच्या छळातून निसटून १९३९मध्ये इंग्लंडला पोचले होते. १९४४मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्याकडे एल्सबरीजवळच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातला मणक्याच्या जखमींचा नवा विभाग सोपवला. त्यांचा पहिला नियम अगदी साधा होता. दर दोन तासांनी प्रत्येक रोग्याची कूस बदलायची, रात्रीसुद्धा. ते अंमलात येते की नाही हे पाहायला स्वतः गुटमान रात्री वॉर्डात फिरत. जखमा होईनाशा झाल्या, माणसे जगू लागली. मग पुढचा प्रश्न उभा राहिला. जगलेल्या या पंचविशीतल्या पोरांनी करायचे काय?

गुटमान यांनी त्यांच्या हाती चेंडू दिले, धनुष्ये दिली. ज्याचे पाय गेले आहेत त्याला उरलेला जन्म हातांवर, खांद्यांवर आणि पाठीवर काढायचा असतो. खुर्चीतून खाटेवर स्वतःला उचलून ठेवायचे म्हणजे दंडात ताकद हवी. व्यायामशाळेत तोच तो व्यायाम करून माणूस कंटाळतो, पण खेळात समोर प्रतिस्पर्धी असला की तो स्वतःहून जोर लावतो. तेव्हा खेळ हे उपचाराचेच अंग होते, करमणूक म्हणून वरून जोडलेले नव्हते. २९ जुलै १९४८ला लंडनमध्ये ऑलिम्पिकचे उद्घाटन चालू असताना स्टोक मँडेव्हिलच्या हिरवळीवर १६ जखमी सैनिक चाकाच्या खुर्च्यांत बसून बाण सोडत होते. १४ पुरुष आणि २ स्त्रिया. १९५२ला नेदरलँड्समधून सैनिक आले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६०मध्ये रोमला, ऑलिम्पिक संपल्यावर त्याच शहरात, २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू उतरले. आज त्या स्पर्धेला पहिले पॅरालिम्पिक मानतात.

भारत तिथे नव्हता. आपल्याकडे जखमी सैनिक नव्हते असे मात्र नाही. पुण्याजवळ खडकीला अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरी ही संस्था पहिल्या महायुद्धातली, १९१७ सालची. तिचा उद्देश रोजगार हा होता. सैनिकाने पोटापुरते कमवावे, कोणावर भार होऊ नये, इथवर आपला विचार पोचला होता. त्याने जिंकावे, हा विचार अजून यायचा होता.

तो आला १९६५च्या युद्धानंतर, आणि ज्याच्यामुळे आला तो सांगलीकडचा गडी होता.

मुरलीकांत पेटकर यांचा जन्म १९४४चा, पेठ इस्लामपूरचा. कुस्तीचे वेड असलेल्या मुलखातला हा मुलगा लहान वयातच लष्करात गेला, ईएमई या तांत्रिक दलात. सिकंदराबाद हे या दलाचे मोठे ठाणे. बासरच्या स्टेशनवर उभे राहिले की ज्या रुळांवरून गाडी सिकंदराबादकडे जाते त्याच रुळांच्या टोकाची ती छावणी. तिथे पेटकर मुष्टियोद्धा झाले. १९६४मध्ये सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी ते टोकियोलाही जाऊन आले.

दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १९६५मध्ये, सियालकोट आघाडीवर हवाई हल्ल्यात त्यांना गोळ्या लागल्या. पुढे अनेक मुलाखतींत त्यांनी तो प्रसंग सांगितला आहे. गोळ्या लागून ते खाली पडले आणि लष्कराचीच गाडी त्यांच्या अंगावरून गेली. बराच काळ ते बेशुद्ध होते. मणक्यात रुतलेली एक गोळी काढता आली नाही, ती तिथेच राहिली. शुद्धीवर आले तेव्हा कंबरेखाली काही जाणवत नव्हते. मुष्टियुद्धाचे सारे कसब पायांच्या हालचालीवर उभे असते. त्या माणसाचे वय तेव्हा एकविशीच्या आतले होते.

उपचारासाठी त्यांना मुंबईत कुलाब्याच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात ठेवले होते. तिथे डॉक्टरांनी पोहण्याचा सल्ला दिला. स्टोक मँडेव्हिलमध्ये जी समजूत वीस वर्षांपूर्वी रुजली होती तीच इथे अरबी समुद्राच्या कडेला पोचली होती. पाण्यात शरीराचे वजन हलके होते. जमिनीवर जो देह ओढावा लागतो तो पाण्यात तरंगतो, आणि खांदे चालले की पुढे सरकतो. मुष्टियोद्ध्याचे खांदे शाबूत होते.

पाण्याबाहेर मात्र पैशाचा प्रश्न होता. परदेशी स्पर्धेला जायचे तर तिकीट कोण काढणार? अपंगांच्या खेळाला तेव्हा सरकारी खात्यात रकानाच नव्हता. या वेळी मदतीला आले विजय मर्चंट. भारतासाठी कसोटी खेळलेले, मुंबईचे, निवृत्तीनंतर अपंगांच्या कामात मनापासून पडलेले. त्यांनी खर्चाची व्यवस्था केली. लष्कराने शरीर सावरले आणि एका क्रिकेटपटूने प्रवास घडवला. भारताच्या पॅरालिम्पिक इतिहासाची सुरुवात या दोन आधारांवर झाली, कोणत्याही क्रीडा संघटनेवर नाही. पुढे जे झाले ते समजायला हे लक्षात ठेवावे लागते.

१९६८ची स्पर्धा खरे तर मेक्सिकोत व्हायची, पण तिथल्या संयोजकांनी हात वर केले आणि इस्रायलने यजमानपद घेतले. नोव्हेंबरमध्ये तेल अवीवला भारताचे दहा खेळाडू प्रथमच उतरले, त्यात दोन स्त्रिया होत्या. पेटकर तिथे टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकून बाहेर पडले. १९७०मध्ये एडिंबरोला राष्ट्रकुल देशांच्या अशाच स्पर्धेत त्यांनी पोहण्यात सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य मिळवले.

मग आले १९७२. ऑलिम्पिक म्युनिकला होते, त्यामुळे अपंगांची स्पर्धाही तिथेच व्हावी अशी अपेक्षा होती. पण ऑलिम्पिक ग्राममधली घरे स्पर्धा संपताच खासगी सदनिका म्हणून द्यायची ठरली होती, चाकाच्या खुर्च्यांना तिथे जागा उरली नाही. शेवटी हायडेलबर्ग विद्यापीठाने आपली क्रीडासंस्था देऊ केली. २ ऑगस्टला जर्मन राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान यांनी उद्घाटन केले, चाळीसहून अधिक देशांचे सुमारे हजार खेळाडू जमले, आणि ११ ऑगस्टला म्युनिकचे ऑलिम्पिक सुरू होण्याआधीच सगळे संपलेही.

तिथे ५० मीटर मुक्त शैलीत पेटकर यांनी ३७.३३ सेकंदांत अंतर कापले. तो विश्वविक्रम होता आणि ते सुवर्णपदक होते. ऑलिम्पिक धरा किंवा पॅरालिम्पिक, भारताच्या कोणाही एका खेळाडूने मिळवलेले हे पहिले सुवर्ण. अभिनव बिंद्राने बीजिंगला नेमबाजीत सुवर्ण घेतले तेव्हा २००८ उजाडले होते. मधे ३६ वर्षे गेली. त्याच हायडेलबर्गमध्ये पेटकर भालाफेकीत आणि चाकाच्या खुर्चीच्या अडथळा शर्यतीतही उतरले होते.

पन्नास मीटर म्हणजे किती? आमच्याकडची मोठी विहीर दोनतीनदा आरपार करण्याइतके. पण पाय न मारता. पोहणाऱ्याला ठाऊक असते की पाय नुसते ढकलत नाहीत, ते कंबर वर धरतात, शरीर आडवे ठेवतात. निर्जीव पाय मागे खाली लोंबतात आणि पाणी त्यांना ओढून धरते. ते ओझे मागे घेऊन केवळ हातांच्या वेगावर केलेला हा विक्रम आहे.

इतक्या यशानंतर घोडदौड सुरू व्हायला हवी होती. ती झाली नाही.

१९७६ला टोरांटोत प्रथमच अंध आणि हात-पाय गमावलेल्या खेळाडूंनाही प्रवेश मिळाला. पण वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या सहभागाच्या निषेधार्थ ज्या देशांनी माघार घेतली त्यांत भारत होता. ती तत्त्वाची भूमिका होती आणि मी तिला दोष देणार नाही. १९८०ला मात्र निषेधाचे कारण नव्हते. मॉस्कोने यजमानपद नाकारल्यावर नेदरलँड्सच्या आर्नहेममध्ये स्पर्धा झाली, आणि भारत तिथेही नव्हता. बारा वर्षे धागा तुटला. कारण धागा धरणारे कोणी नव्हतेच. लष्कराने आपल्या जखमींची काळजी घेतली. १९७४मध्ये खडकीला मणक्याच्या जखमी सैनिकांसाठी स्वतंत्र पुनर्वसन केंद्रही उभे राहिले. पण झाडावरून पडलेला शेतकरी किंवा पोलिओ झालेली मुलगी कुठल्या रुग्णालयातून पोहायला जाणार होती?

१९८४ला भारत परतला. त्या वर्षी स्पर्धा न्यूयॉर्क आणि स्टोक मँडेव्हिल अशा दोन ठिकाणी विभागून झाल्या. जोगिंदरसिंग बेदी यांनी गोळाफेकीत रौप्य, थाळीफेक आणि भालाफेकीत कांस्य घेतले, भालाफेकीचे रौप्य भीमराव केसरकर यांनी. एकूण चार पदके. या चार पदकांचा उल्लेख शाळेच्या कुठल्याच पुस्तकात माझ्या पाहण्यात आला नाही. पुन्हा सुकाळ संपला. सोलपासून सिडनीपर्यंत, १९८८ ते २०००, चार स्पर्धांत भारताला एकही पदक नाही.

पेटकर या काळात पुण्यात राहत होते. अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नाकारला गेल्याचे त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. देशाला पहिले वैयक्तिक सुवर्ण देणारा माणूस पद्मश्री होण्यासाठी २०१८पर्यंत थांबला. त्यांच्यावर चित्रपट आला २०२४मध्ये, आणि अर्जुन जीवनगौरव जानेवारी २०२५मध्ये मिळाला, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते. हा उशीर झालाच, आणि तो सन्मानाने भरून निघालेला नाही. खरे नुकसान पेटकरांच्या वाट्याचे नाहीच. त्यांच्या पदकाची बातमी पन्नास वर्षे गावोगावी पोचली असती तर किती घरांत खाटेवर पडलेले पोर पाण्यात उतरले असते, ते नुकसान मोजता येत नाही.

बदल हळूहळू झाला. १९८८ला सोलमध्ये ऑलिम्पिकचीच मैदाने अपंगांच्या स्पर्धेला मिळाली, १९८९ला आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समिती स्थापन झाली. १९९२ला भारतात अपंग खेळाडूंचा स्वतंत्र महासंघ निघाला, तीच आजची भारतीय पॅरालिम्पिक समिती. १९९५ला अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. समितीचा कारभार मात्र नेहमीच सरळ नव्हता. २०१५ला गाझियाबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूंची राहण्याची जी आबाळ झाली तिची छायाचित्रे देशभर गेली, आणि आंतरराष्ट्रीय समितीने भारताच्या समितीला निलंबित केले. त्या खोल्यांत राहिलेले खेळाडूच पुढच्या वर्षी रिओत पदके आणणाऱ्या पिढीचे होते.

२००४ला अथेन्समध्ये राजस्थानच्या देवेंद्र झाझडियाने भालाफेकीत विश्वविक्रमासह सुवर्ण घेतले, पेटकरांनंतर ३२ वर्षांनी. रिओत चार पदके आली. त्यात गोळाफेकीचे रौप्य दीपा मलिक यांचे. लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी म्हणून त्या कितीतरी वर्षे अहमदनगरला राहिलेल्या, आणि पॅरालिम्पिक पदक मिळवणारी पहिली भारतीय स्त्री त्याच. टोकियोत १९ पदके, पॅरिसमध्ये २९.

या आकड्यांपेक्षा मला नावांमागच्या जखमा अधिक बोलक्या वाटतात. १९४८च्या हिरवळीवरची माणसे महायुद्धातली, पेटकर १९६५च्या युद्धातले. आणि आताचे? झाझडियाचा हात झाडावर चढताना विजेच्या तारेने गेला. करमाळ्याच्या सुयश जाधवने शाळकरी वयात विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले. त्याच सुयशने २०१८च्या आशियाई पॅरा स्पर्धेत जकार्ताला ५० मीटर बटरफ्लायचे सुवर्ण घेतले. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी शाळेत असताना सायकलवरून पडला, जखम चिघळली, हात कायमचा अधू झाला. ४ सप्टेंबर २०२४ला पॅरिसमध्ये त्याने १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य घेतले. कॅनडाच्या विजेत्याचा गोळा त्याच्यापुढे फक्त ६ सेंटिमीटर पडला. बेदींनंतर चाळीस वर्षांनी गोळाफेकीत भारतीय पुरुषाचे पदक! नाशिकच्या सुरगाण्यातला आदिवासी तरुण दिलीप गावित एका हाताने ४०० मीटर पळतो. हांगझोउच्या आशियाई पॅरा स्पर्धेत त्याच्या सुवर्णाने भारताची पदके शंभरावर पोचली.

लोंबणारी तार, वेळेवर न मिळालेला दवाखाना, झाड, सायकल. आपली रणभूमी ही आहे. इथे जखमी होणाऱ्याला ना पेन्शन असते, ना अश्विनीसारखे रुग्णालय.

म्हणून भाग्यश्री जाधव यांच्याकडे परत येतो. तरुणपणी त्यांच्या पायांतले बळ गेले. त्या ज्या गटात खेळतात त्याला एफ-३४ म्हणतात. शरीराच्या हालचालींवरचा ताबा किती आहे हे तपासून डॉक्टर आणि तंत्रज्ञ हा गट ठरवतात, म्हणजे सारख्याच मर्यादेचे खेळाडू एकमेकांसमोर येतात. मैदानात एक लोखंडी आसन पट्ट्यांनी जमिनीला घट्ट बांधलेले असते. खेळाडूला त्यात बसवतात आणि तिथूनच गोळा फेकायचा. गिरकी नाही, पायांची झेप नाही. कमरेपासून खांद्यापर्यंत जे काही आपले उरले आहे ते एका क्षणात गोळ्याच्या मागे लावायचे. टोकियोत त्या ७ मीटरवर सातव्या आल्या. हांगझोउला रौप्य मिळाले, २०२४च्या मे महिन्यात जपानमधल्या कोबेच्या जागतिक स्पर्धेतही रौप्य. पॅरिसमध्ये ७.२८ मीटर, पाचवे स्थान. पदक हुकले. पण झेंडा त्यांच्या हाती देताना देशाने फक्त पदके मोजली नव्हती, आणि ते योग्यच झाले.

त्यांच्यामागे छावणी नव्हती. मुखेडच्या मातीतून जागतिक मैदानावर जायला त्यांना जे सोसावे लागले ते पुढच्या मुलीला सोसावे लागू नये, यासाठी आता कायदाही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात खेळाच्या सोयी हे सरकारचे कर्तव्य म्हणून लिहिले आहे. २०२३च्या डिसेंबरात दिल्लीत खेलो इंडियाची पहिली पॅरा स्पर्धा झाली. वरंगळजवळच्या कल्लेडाची दीप्ती जीवनजी ही बौद्धिक अक्षमतेच्या गटातून पॅरिसला ४०० मीटरमध्ये कांस्य घेऊन आली, तेव्हा तेलंगणाचे नावही या यादीत गेले. मुधोळ, भैंसा, तानूरकडच्या मुलाला खेळायचे तर ते तेलंगणाच्या संघातून, भाषा घरात मराठी असली तरी.

गुटमान यांच्या वॉर्डात जे काम रात्रपाळीच्या परिचारिकेने केले, अश्विनीत जे एका डॉक्टरने केले, ते आमच्या गावात शाळेचा पीटी शिक्षकच करू शकतो. माझी विनंती त्यांना आहे, आणि आईबापांना. कवायतीच्या तासाला वर्गात एकटे बसवून ठेवलेले मूल बाहेर आणा. त्याच्या हातात गोळा द्या, भाला द्या, उन्हाळ्यात त्याला जाणत्या माणसाबरोबर पाण्यात उतरवा. त्याचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवा, कारण त्याशिवाय कोणत्याही स्पर्धेत नाव घेत नाहीत, आणि जिल्हा स्पर्धेची तारीख शाळेला विचारत राहा. पुढचे पॅरालिम्पिक १५ ऑगस्ट २०२८ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू होते आहे.